गोळी चिंतेची, प्रश्न नैराश्याचा

सर्पगंधेच्या मुळांची पूड बिहारात 'पागल की दवा' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विकली जात होती. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर वैद्यकीय निबंध लिहिला. हे मूळ उन्माद शांत करतं आणि चढलेला रक्तदाबही उतरवतं, ही दोन्ही निरीक्षणं त्यात शेजारी शेजारी होती. 1949 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले निष्कर्ष छापले आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष पहिल्यांदा या झुडपाकडे वळलं. तीन वर्षांत बाझेलच्या 'सीबा' कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, त्याचं नाव रेसरपिन. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते वापरून पाहिलं आणि आरडाओरडा करणारे वॉर्ड शांत झाले. 1957 चं लास्कर पारितोषिक ज्यांना मिळालं, त्यांत वकील आणि क्लाइन दोघंही होते.

चिंता शमवणारी गोळी नैराश्यही हलकं करते का, हा प्रश्न आज मनोविकारतज्ज्ञाच्या दाराबाहेर बसलेले कितीतरी नातेवाईक विचारतात. त्याचा माग काढत मागे गेलं की वाट या झुडपाशी येऊन पोचते. रेसरपिनच्या बाबतीत हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला, आणि त्याला एकाच वेळी दोन उलटी उत्तरं मिळाली.

पहिलं उत्तर रक्तदाबाच्या डॉक्टरांकडून आलं. 1954 च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांनी नोंदवलं की, रेसरपिन घेणाऱ्या त्यांच्या काही रुग्णांना खोल उदासी आली. ही माणसं रक्तदाबासाठी आलेली होती, मनाच्या तक्रारीसाठी नव्हे. शांत करणारं औषध माणसाला खचवतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. दुसरं उत्तर 1955 साली लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातून आलं. डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल शेपर्ड यांनी चिंता आणि उदासी दोन्ही असलेले रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले, एका गटाला रेसरपिन दिलं आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. मनोविकारशास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या अशा काटेकोर चाचण्यांपैकी ही एक. 'लॅन्सेट'मध्ये छापलेला निकाल स्पष्ट होता: रेसरपिन घेणाऱ्यांना बरं वाटलं होतं.

मला या चाचणीविषयी फार वाटतं. तिचा निकाल कुणी खोडून काढला नाही. ती फक्त विसरली गेली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटाने दाखवलं की रेसरपिन मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. मग साखळी आपोआप जुळली: रेसरपिन रसायनं कमी करतं, रेसरपिन उदास करतं, म्हणून उदासी म्हणजे रसायनांची कमतरता. 1965 साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी मांडलेल्या गृहीतकामागे हा युक्तिवाद आहे. आजही डॉक्टर रुग्णाला 'मेंदूतलं केमिकल कमी झालंय' असं सांगतात, त्याचं मूळ इथे सापडतं. रेसरपिनने नैराश्य येतं हा दुवा सुरुवातीला वाटला तितका पक्का नाही, असं पुढच्या फेरतपासण्यांत दिसलं. पण तोवर गृहीतकाने जोर धरला होता आणि मॉड्सलीची चाचणी त्यात बसत नव्हती.

अस्वस्थ उदासी गुंगी आणणाऱ्या द्रव्याने निवते, ही समजूत रेसरपिनच्या फार आधीची आहे. 19 व्या शतकात युरोपातल्या मनोरुग्णालयांत अशा रुग्णांना अफूचा अर्क वाढत्या मात्रेत देत. मग ब्रोमाइड आले, 1869 मध्ये क्लोरल हायड्रेट, 1903 मध्ये पहिलं बार्बिट्युरेट. 1950 च्या सुमारास 'डेक्सामिल' नावाची गोळी अमेरिकेत निघाली, तिच्यात उत्तेजक अँफेटमाइन आणि गुंगी आणणारं बार्बिट्युरेट एकत्र होतं. उदासीसाठी एक आणि चिंतेसाठी दुसरं, असं तिचं साधं गणित. ब्रिटनमध्ये तीच गोळी 'ड्रिनामिल' नावाने विकली जाई आणि सुएझच्या पेचाच्या काळात पंतप्रधान अँथनी ईडन ती घेत होते. तिचं व्यसन लागतं हे कळायला वेळ लागला नाही.

चिंतेवरची म्हणून खपलेली पहिली गोळी मात्र मेप्रोबामेट, म्हणजे 'मिलटाउन'. मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे आणि नाझींपासून पळून ब्रिटनमध्ये आलेले फ्रँक बर्जर पेनिसिलिन टिकवण्यासाठी रसायनं तपासत होते. त्यातल्या एकाने उंदरांचे स्नायू सैल पडले, पण ते जागेच राहिले. या धाग्यावरून पुढे अमेरिकेत बर्नार्ड लुडविग यांच्यासोबत त्यांनी मेप्रोबामेट तयार केलं आणि 1955 मध्ये ते बाजारात आलं. औषधदुकानांवर 'मिलटाउन संपलं' अशा पाट्या लागू लागल्या. दशक संपायच्या आत त्याच कंपनीने मेप्रोबामेटमध्ये बेनॅक्टिझिन मिसळून 'डेप्रॉल' काढलं, आणि ते थेट नैराश्यासाठी. चिंतेच्या गोळीची नैराश्याकडे झालेली ही पहिली व्यापारी वाटचाल. त्यामागे पुरावा फारसा नव्हता, पण गिऱ्हाईक भरपूर होतं.

1957 या एका वर्षात सगळे धागे एकत्र येतात. त्या वर्षी क्लाइन यांनी इप्रोनियाझिड या क्षयावरच्या औषधाचा नैराश्यावरचा उपयोग जाहीर केला. स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाचे रुग्ण या गोळीवर पाच वर्षांपूर्वीच हसू-नाचू लागले होते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिनवरचा निबंध छापला आणि झुरिकच्या जागतिक परिषदेत जेमतेम डझनभर श्रोत्यांपुढे वाचला. त्याच वर्षी न्यू जर्सीत लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेत साफसफाई चालू असताना अर्ल रीडर या सहकाऱ्याच्या नजरेला एका बाटलीतले स्फटिक पडले. ते पहिलं बेंझोडायझेपिन.

कून यांच्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांनी तेव्हाच दिलं होतं. बोडन सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन या गावातल्या सरकारी मनोरुग्णालयात ते काम करत. गायगी कंपनीने त्यांना जी 22355 या क्रमांकाचं द्रव्य स्किझोफ्रेनियासाठी तपासायला दिलं होतं. स्किझोफ्रेनियावर ते चाललं नाही. काही रुग्ण तर जास्तच बिथरले. कून यांनी ते खोल उदासीच्या रुग्णांना देऊन पाहिलं. त्यांच्याकडे मोजपट्टी नव्हती, पोकळ गोळ्यांचा गट नव्हता. ते रुग्णांशी तासन्‌तास बोलत आणि लिहून ठेवत. त्यांनी जे टिपलं ते असं: दोन-तीन आठवड्यांनी ही माणसं सकाळी आपणहून उठू लागली, मोठ्याने बोलू लागली, नातेवाइकांना पत्रं लिहू लागली. हा परिणाम गुंगीच्या औषधांसारखा नाही, हे त्यांनी ठासून सांगितलं. गुंगीचं औषध अर्ध्या तासात चढतं आणि काही तासांत उतरतं. हे औषध आठवडे घेतं, आणि दुःख झाकत नाही, दुःखाची जड झालेली गती मोकळी करतं. एकेका रुग्णाच्या शेजारी उभं राहून, धीराने बघून काढलेलं हे निरीक्षण पुढच्या कित्येक मोठ्या चाचण्यांपेक्षा मला मोलाचं वाटतं.

पण बाजार स्टर्नबाख यांच्या स्फटिकांचा झाला. ते आड्रियाटिक किनाऱ्यावरच्या आबात्सियात जन्मले, क्राकाऊमध्ये शिकले आणि रंगद्रव्यांवर काम करता करता रसायनांच्या ज्या घराण्याशी त्यांची ओळख झाली, त्याच घराण्यात पंचवीस वर्षांनी हे सापडलं. 1960 मध्ये 'लिब्रियम' आणि 1963 मध्ये 'व्हॅलियम' बाजारात आल्या. 1978 साली एकट्या अमेरिकेत व्हॅलियमच्या 230 कोटी गोळ्या विकल्या गेल्या. भारतात 1969 मध्ये रॅनबॅक्सीने डायझेपाम 'काम्पोज' नावाने आणलं. पुढच्या दोन दशकांत मराठी घरांतही काम्पोज हा झोपेच्या गोळीचाच समानार्थी शब्द बनला, ती कोणत्या कंपनीची आहे हे कुणी विचारत नसे.

या गोळ्या नैराश्याच्या माणसांपर्यंत का पोचल्या, याचं सगळं खापर जाहिरातींवर फोडणं मला पटत नाही. डॉक्टरांकडे त्याचं एक गंभीर कारण होतं. इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन ही त्या काळची नैराश्यावरची औषधं जादा मात्रेत हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेत. पंधरा दिवसांची पुडी आत्महत्येचा विचार करणाऱ्या माणसाच्या हातात देणं म्हणजे साधनच देण्यासारखं होतं. बार्बिट्युरेट्‌स तर आणखी घातक. डायझेपामच्या मूठभर गोळ्या नुसत्याच घेतल्या, दारू किंवा दुसरं काही सोबत नसेल, तर माणूस बहुतेक वेळा जगे. समोर रडणारी, न झोपलेली, हात चोळणारी बाई बसलेली आहे आणि तिच्या मनात काय चाललंय याचा अंदाज नाही, अशा वेळी डॉक्टरने डायझेपाम लिहिलं तर त्यात समजण्यासारखी काळजी होती. शिवाय त्याच बाईला त्या रात्री झोप लागे, आणि दुसऱ्या दिवशी ती आभार मानी. अमिट्रिप्टिलिनने तिचं तोंड कोरडं पडे, बद्धकोष्ठ होई, आणि मन उजळायला तीन आठवडे लागत.

त्या तीन आठवड्यांमध्येच सगळा घोटाळा दडला आहे. चिंतेची गोळी नैराश्यावर चालते असं चाचण्यांत दिसतं, ते कसं, हे कळायला मोजपट्टी उघडून पाहावी लागते.

ही मोजपट्टी मॅक्स हॅमिल्टन यांनी 1960 साली लीड्समध्ये बनवली. 17 प्रश्नांची, सुमारे 50 गुणांची. आजही नैराश्याच्या औषधांच्या चाचण्यांत तीच सर्वांत जास्त वापरली जाते. तिच्यात उदास मन, अपराधी वाटणं, आत्महत्येचे विचार, कामातला रस या मुद्द्यांना प्रत्येकी 4 गुण. पण झोपेला तीन वेगळे प्रश्न: झोप लागत नाही, मध्येच मोडते, पहाटे लवकर जाग येते. प्रत्येकी 2, एकूण 6. मनातल्या चिंतेला 4, शरीरात जाणवणाऱ्या चिंतेला 4, बेचैनीला वेगळे. म्हणजे ज्या तक्रारी बेंझोडायझेपिन पहिल्याच रात्री कमी करतं, त्यांना मिळून 14 पेक्षा जास्त गुण.

आता 24 गुणांचा एक रुग्ण धरा, मध्यम ते तीव्र नैराश्याचा. त्याची झोप 6 वरून 1 वर आली, चिंतेचे दोन्ही मिळून 6 होते ते 2 झाले, बेचैनीचे 2 गेले. 11 गुण उतरले, 13 उरले. निम्म्याच्या खाली गुण आले की चाचणीत 'प्रतिसाद मिळाला' असं मोजतात, आणि हा माणूस त्या रेषेच्या अगदी जवळ येऊन पोचला. त्याचं उदास मन, अपराधी भावना, आत्महत्येचे विचार यांतला एकही गुण हललेला नाही. हॅमिल्टन यांनी ही पट्टी निदान झालेल्या रुग्णाची तीव्रता मोजायला केली होती. कोणतं औषध नैराश्यविरोधी आणि कोणतं फक्त शामक, हे ठरवायला नव्हे. तिचा वापर मात्र नेमका त्यासाठी झाला.

झोप हा नैराश्याचा वरवरचा भाग आहे असं मी म्हणत नाही. पहाटे साडेतीनला जाग येऊन छताकडे बघत पडणं हा नैराश्याचा सर्वांत क्रूर तास असतो, आणि तो तास ज्याने काढून घेतला त्याचे उपकार माणूस विसरत नाही. तो आराम खरा आहे. पण तो आराम आणि रोगातून उठणं यांना एकाच बेरजेत घातलं की बेरीज फसवते.

1978 मध्ये ॲलन शॅट्झबर्ग आणि जोनाथन कोल यांनी तोवरच्या चाचण्या एकत्र वाचल्या आणि निष्कर्ष काढला की डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही नैराश्यात इमिप्रामिनच्या घराण्यातल्या औषधांच्या बरोबरीची नाहीत. चिंता, झोप, बेचैनी यांत फरक पडतो, गाभ्याच्या लक्षणांत पडत नाही. प्रश्न इथे मिटायला हरकत नव्हती.

तेवढ्यात अल्प्राझोलाम आलं. मिशिगनमधल्या कॅलमझू गावी अपजॉन कंपनीत जॅक्सन हेस्टर यांनी बेंझोडायझेपिनच्या सांगाड्याला एक जास्तीचं कडं जोडून ते बनवलं होतं. 1981 मध्ये अमेरिकेत त्याला चिंतेसाठी मान्यता मिळाली. 1983 मध्ये जॉन फायनर आणि सहकाऱ्यांची चाचणी अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात आली: नैराश्यात अल्प्राझोलाम इमिप्रामिनच्या बरोबरीने चाललं, आणि लवकर चाललं. मग तशाच आणखी चाचण्या आल्या. कंपनीने या गोळीच्या माहितीपत्रात नैराश्यासोबतची चिंता तिने निवते असं वाक्य मिळवलं. नैराश्यासाठीची मान्यता मात्र तिला कधी मिळाली नाही. याच कंपनीने ॲडिनाझोलाम नावाचं भावंड खास नैराश्यासाठी विकसित केलं, तेही अमेरिकेत कधी विकायला आलं नाही.

अल्प्राझोलामच्या बाबतीत मी एकदम हात झटकून टाकत नाही. त्याला एक कारण त्याच माहितीपत्रात आहे: नैराश्याच्या काही रुग्णांत या गोळीने उन्माद उसळल्याची नोंद. नैराश्यविरोधी औषधांनी असं घडतं, साध्या शामकांनी सहसा नाही. म्हणजे या गोळीत दुसरं काहीतरी असावं, अशी शंका रास्त आहे. 2012 मध्ये हॉलंडच्या हार्म फान मारवाइक आणि सहकाऱ्यांनी कोक्रेन संस्थेसाठी 21 चाचण्या आणि 2,693 रुग्णांची माहिती एकत्र केली. अल्प्राझोलाम पोकळ गोळीपेक्षा सरस आणि जुन्या नैराश्यविरोधी औषधांइतकंच दिसलं. पण लेखकांनी लगेच सांगितलं की चाचण्या थोड्या आठवड्यांच्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या, बहुतेक मध्यम त्रासाच्या रुग्णांवर. सहा आठवड्यांच्या चाचणीत अल्प्राझोलामचे सगळे गुण दिसतात. त्याची किंमत सातव्या आठवड्यानंतर, सहाव्या महिन्यात, सहाव्या वर्षी द्यावी लागते, आणि तिथे चाचणी संपलेली असते.

ती किंमत ब्रिटनमध्ये आधी मोजली गेली. लंडनमध्ये माल्कम लेडर यांनी 1970 च्या दशकापासून सांगितलं की या गोळ्या ठरलेल्या मात्रेत घेणाऱ्यांनाही त्यांची सवय लागते. न्यूकॅसलमध्ये हेदर ॲश्टन यांनी 1982 ते 1994 गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. वर्षानुवर्षे गोळी घेणारी माणसं त्यांच्याकडे येत, त्यांतली कितीतरी पहिल्या चिंतेपेक्षा नंतरच्या उदासीने त्रस्त होती. भावना बोथट झालेल्या, आठवण गळलेली, घराबाहेर पडायला भीती. गोळी हळूहळू, महिनोन्‌महिने कमी करत गेलं की अनेकांची ती उदासी ओसरे. एकदम बंद केली तर फिट्स येण्यापर्यंत मजल जाई, म्हणून ॲश्टन यांची सगळी पद्धत संथ पायऱ्यांची होती, आणि आजही कुणी ही गोळी स्वतःच्या मनाने एका दिवसात सोडू नये. 1988 मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना लेखी सूचना दिली: बेंझोडायझेपिन दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त नको, आणि नैराश्यात किंवा नैराश्यासोबतच्या चिंतेत ती एकटी मुळीच देऊ नका, त्याने आत्महत्या ओढवू शकते. शेवटचा इशारा पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो. पण ज्याच्या मनातलं दुःख तसंच आहे आणि फक्त भीती व संकोच सैल झाला आहे, त्या माणसाबद्दल विचार केला की त्यातली भीषणता कळते.

दरम्यान दोन गोळ्या एकत्र करण्याची जुनी कल्पना पुन्हा आली. 1970 च्या दशकात रोश कंपनीने अमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड एकत्र करून 'लिंबिट्रॉल' काढली. ती आपल्याकडे आजही लिहून दिली जाते. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपामची एकत्र गोळी तर भारतात इतक्या कंपन्या बनवतात की गावातल्या केमिस्टकडेही ती मिळते. या जोडगोळीला काही आधार आहे. 2019 मध्ये कोक्रेनने 10 चाचण्या आणि 731 रुग्णांचा आढावा घेतला. नैराश्यविरोधी औषधासोबत बेंझोडायझेपिन दिलं, तर पहिल्या चार आठवड्यांत जास्त आराम पडतो, आणि दुष्परिणामांना कंटाळून गोळ्या सोडणारेही कमी असतात. चार आठवड्यांनंतर हा फरक उरत नाही. म्हणजे ज्या तीन-चार आठवड्यांत नैराश्यविरोधी औषध अजून लागू पडलेलं नाही, तेवढ्यापुरता चिंतेच्या गोळीचा नैराश्यात उपयोग आहे, आणि तो छोटा नाही. तेवढ्या दिवसांत माणूस टिकतो. पण एकाच कॅप्सूलमध्ये बांधलेल्या दोन गोळ्यांपैकी एक चार आठवड्यांनी कशी काढायची? रुग्ण तीच चिठ्ठी घेऊन वर्षभर केमिस्टकडे जातो. अशा बांधलेल्या जोडगोळ्यांना मी मनापासून विरोध करतो. डॉक्टरने दोन गोळ्या वेगळ्या लिहाव्यात आणि दुसरी कधी थांबवायची ती तारीख चिठ्ठीवरच लिहावी.

आपल्याकडे अडचण आणखी आधीच सुरू होते. बहुतेक रुग्ण 'मन उदास आहे' म्हणत येत नाहीत. अंग दुखतं, छातीत धडधडतं, टेन्शन आहे, झोप नाही, एवढंच सांगतात. फॅमिली डॉक्टर ऐकतो ते लिहितो, आणि ऐकलेल्या तक्रारींवरची गोळी क्लोनाझेपाम असते. खालच्या नैराश्याला चिठ्ठीत जागाच मिळत नाही. 2014 पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधं 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहेत. केमिस्टने रुग्णाचं, डॉक्टरचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत नोंदवून ती तीन वर्षं जपायची. नियम चांगला आहे, पण सुरुवातीचं निदान चुकलेलं असेल तर ही वही ते दुरुस्त करू शकत नाही.

इतिहासाने उलटी वाट मात्र खूप मोकळी करून दिली. 1960 च्या आसपास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डॉनल्ड क्लाइन यांना दिसलं की इमिप्रामिनने काही रुग्णांचे अचानक येणारे भीतीचे झटके थांबले. नैराश्यावरचं औषध चिंतेवर चालत होतं. या निरीक्षणाकडे बराच काळ कुणी बघितलं नाही. 1987 च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि त्या घराण्यातली औषधं एकामागून एक चिंतेच्या विकारांसाठीही मंजूर होत गेली: पॅरॉक्सेटिनला 1999 मध्ये समाजभयासाठी, 2001 मध्ये सततच्या चिंतेसाठी. आज नैराश्य आणि चिंता एकत्र असतील तर पहिलं औषध याच घराण्यातून निवडलं जातं. आपला प्रश्न उलटा केला की त्याचं उत्तर बऱ्याच ठामपणे 'हो' असं येतं. मॉड्सलीतल्या रुग्णांसारखे, चिंता आणि उदासी दोन्ही सोबत वाहणारे लोक बहुसंख्य आहेत, हे त्यामुळे पुन्हा मान्य झालं.

मला वाटलं होतं की इथे हा माग संपतो. पण गेल्या काही वर्षांत तो प्रश्न अनपेक्षित दारातून परत आला. 1977 मध्ये कोपनहेगन आणि बाझेल इथल्या दोन गटांनी बेंझोडायझेपिन मेंदूत नेमकं कुठे बसतं ते शोधलं. मेंदूचा जोर कमी करणारं गाबा हे द्रव्य ज्या रिसेप्टरवर काम करतं, त्याच्याच कुशीत. 1986 मध्ये अमेरिकेत मारिया मायेव्स्का, स्टीव्हन पॉल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शरीरातले काही स्टेरॉइडही याच रिसेप्टरला लागतात, पण वेगळ्या जागी. त्यातल्या एकाची, अलोप्रेग्नॅनोलोनची, पातळी गरोदरपणात खूप चढते आणि बाळंतपणानंतर एकदम कोसळते. 2019 मध्ये अमेरिकेने याच द्रव्याला बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मान्यता दिली, 60 तासांच्या सलाईनच्या रूपात. 2023 मध्ये झुरानोलोन ही त्याच्याच घराण्यातली गोळी आली, 14 रात्रींची. गुंगी हा तिचा ठळक दुष्परिणाम आहे, आणि घेतल्यावर 12 तास गाडी चालवू नका असा ठळक इशारा तिच्यावर छापला आहे. थोडक्यात, ही शामक घराण्यातलीच गोळी आहे, आणि तिला नैराश्याची मान्यता मिळाली.

बाळंतिणींच्या मुख्य चाचणीत पंधराव्या दिवशी हॅमिल्टनच्या पट्टीवर झुरानोलोनच्या गटाचे सरासरी 15.6 गुण उतरले, पोकळ गोळीच्या गटाचे 11.6. चार गुणांचा फरक. ज्या पट्टीत झोपेला 6 गुण आहेत, तीच पट्टी. साहजिकच पहिली शंका तीच येते. पण गोळ्या चौदाव्या दिवशी संपल्या होत्या, आणि पंचेचाळिसाव्या दिवशीही दोन गटांतलं अंतर टिकून होतं. नुसत्या गुंगीचा परिणाम गोळी थांबल्यावर महिनाभर राहत नाही. बाळंतपणाशी संबंध नसलेल्या नैराश्यात मात्र तीच गोळी पंधराव्या दिवशी थोडीच पुढे होती आणि सहा आठवड्यांनी तो फरक ओसरला, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला त्या रोगासाठी नकार दिला. एका प्रकारच्या उदासीत चिंताशामकांच्या शेजारच्या कप्प्यातलं औषध खोलवर पोचतं आणि दुसऱ्या प्रकारात वरच राहतं, असं आता तरी दिसतं आहे. कोणत्या रुग्णात ते कुठवर पोचतं, हे ठरवायला झोपेचे सहा गुण बाजूला काढून उरलेली बेरीज पुन्हा करावी लागेल, आणि ती सहा आठवड्यांवर न थांबवता सहा महिन्यांपर्यंत न्यावी लागेल.